आधी थंडी, मग झाड
(घरच्या बागेतल्या सफरचंदावरील पुस्तकाची प्रस्तावना)

आमच्या घराच्या मागच्या अंगणात, हौदाशेजारी, सफरचंदाचं एक झाड तीन वर्षं उभं होतं. उभं होतं एवढंच म्हणता येईल. फांद्यांच्या टोकांना पानांचे झुबके, आणि मधला हातभर भाग काठीसारखा उघडा. पहिल्या वर्षी वाटलं, पाणी कमी पडतंय. दुसऱ्या वर्षी वाटलं, खत कमी पडतंय. तिसऱ्या वर्षी एक फूल जानेवारीत आलं आणि दुसरं थेट मार्चच्या अखेरीला. शेजारचे काका कुंपणावरून रोज विचारायचे, "काय भाऊ, लागले का सेब?" मी हसून वेळ मारून न्यायचो. शेवटी एक दिवस त्यांनीच निकाल दिला, "आपल्या इकडं कायचं सेब येते! काश्मीरचं झाड हाय ते. त्याले थंडी लागते."

काका अर्धे बरोबर होते. त्यांचं राहिलेलं अर्धं उत्तर शोधताना जी टिपणं जमली, त्यांचं हे पुस्तक झालं.

ते रोप मी विकत घेतलं तेव्हा त्याच्या चिठ्ठीवर 'काश्मिरी सफरचंद' एवढंच लिहिलेलं होतं. जात लिहिलेली नव्हती, कलम कोणत्या खुंटावर बांधलंय तेही नव्हतं. विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आंब्याचं रोप घेताना आपण केशर की गावरान हे विचारल्याशिवाय पैसे काढत नाही. सोयाबीनचं बियाणं घेताना वाण विचारतो, पिशवीचा लॉट नंबर बघतो. सफरचंदाच्या बाबतीत मात्र आपल्याला नुसतं 'सफरचंद' पुरतं, कारण ते आपल्यासाठी झाड नसतंच. ते फळ असतं, पेटीतून आलेलं, आजाऱ्याच्या उशाशी ठेवलेलं. ज्या फळाचं झाड कधी पाहिलं नाही, त्याच्या जाती असतील हे डोक्यातच येत नाही. म्हणून या पुस्तकाचं पहिलं प्रकरण लागवडीचं नाही, ते निवडीचं आहे. झाडाच्या निवडीआधी आपल्या गावाचा हिवाळा ओळखायला हवा, हे त्या प्रकरणाचं आणि खरं तर सगळ्या पुस्तकाचं म्हणणं आहे.

सफरचंदाला थंडी लागते म्हणजे काय, ते आधी पाहू. फांदीवरच्या कळीला आपले बागायतदार 'डोळा' म्हणतात. सफरचंदाच्या बाबतीत हा शब्द फार नेमका आहे, कारण त्याचा डोळा हिवाळ्यात खरोखर मिटतो. थंड मुलखात वाढलेल्या या झाडाला भीती असते ती अवेळी फुटण्याची. डिसेंबरात दोन दिवस ऊन पडलं म्हणून फुलोरा आला आणि मागून बर्फ पडलं, तर वर्ष वाया गेलं. म्हणून झाड थंडीचा हिशेब ठेवतं. पुरेशी थंडी सोसून झाली अशी खात्री पटेपर्यंत डोळा उघडत नाही. हा हिशेब मोजण्याची सोपी रीत म्हणजे हिवाळ्यात पारा साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली किती तास होता ते मोजायचं. त्यांना थंडीचे तास म्हणतात. डोंगरी भागातल्या डेलिशस गटातल्या जातींना असे हजाराच्या आसपास तास लागतात.

आता आपल्याकडे बघा. बुलढाणा जिल्ह्यातला माणूस पत्ता सांगताना घाटावरचा की घाटाखालचा हे आधी सांगतो. माझं गाव चिखली, ते घाटावर. अजिंठ्याच्या रांगेच्या अंगाखांद्यावरचा हा पठारी भाग, त्यामुळे घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्यापेक्षा इथल्या रात्री गार. 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी सिंदखेडराजाला पहाटे निघणारी माणसं स्वेटर, मफलर घालूनच निघतात. तरीही घाटावरची बहुतेक पहाट 10 ते 15 अंशांच्या आत-बाहेर रेंगाळते. पारा 7 च्या खाली जाणं हे एखाद्या लाटेचं काम, तेही पहाटेच्या मोजक्या तासांपुरतं. शिवाय दुपारी 28-30 अंशांचं ऊन पडतं, आणि झाडाच्या वहीत दुपारचं ऊन रात्रीची जमा खोडून टाकतं. हजार तासांची भूक असलेलं झाड इथे आणणं म्हणजे पहिलवानाला रोज अर्धी भाकरी वाढणं. तो मरत नाही, पण कुस्तीही खेळत नाही. माझं झाड नेमकं तेच करत होतं. टोकाचे डोळे कसेबसे उघडले, मधले झोपून राहिले, फुलं आली तीही दोन-अडीच महिन्यांच्या अंतराने.

काकांचं उत्तर इथपर्यंत बरोबर होतं. पुढचं अर्धं असं की सगळ्या सफरचंदांची भूक सारखी नसते.

या फळाचं मूळ घर मध्य आशियात, कझाकस्तानच्या तिएन शान डोंगररांगांत. तिथलं रानटी सफरचंद अजून जंगलात आहे. तिथून व्यापाऱ्यांच्या वाटांनी ते पश्चिमेला गेलं, आणि गुलाबाच्या कुळातलं हे झाड जिथे गेलं तिथे बीमधून नवनवं रूप घेत राहिलं. सफरचंदाचं बी आईसारखं झाड देत नाही. दुसऱ्या जातीचे पराग घेतल्याशिवाय बहुतेक जातींना फळच धरत नाही, म्हणून प्रत्येक बी म्हणजे नवा जुगार. हजारांत एखादा लागतो, आणि मग माणूस त्याचं कलम करून तो जपतो. आपण ज्याला पिढ्यान्‌पिढ्यांचं हिमाचली सफरचंद समजतो तेही असंच बाहेरून आलेलं. सत्यानंद स्टोक्स हे मूळचे अमेरिकेचे सॅम्युएल स्टोक्स. 1916 मध्ये त्यांनी सिमल्याजवळच्या कोटगढ भागात अमेरिकेतून आणलेली डेलिशसची रोपं लावली. आज जी बाजारपेठ दिसते, तिची मुळं त्या बागेपर्यंत जातात. तेव्हा 'हे आपल्या मातीतलं नाही' हा आक्षेप कोटगढलाही घेता आला असता.

उष्ण मुलखातल्या माणसांनाही हा जुगार लागला. इस्राएलमध्ये एन शेमेर या किबुट्झवर अब्बा स्टाइन यांनी संकर करून 'ॲना' ही जात काढली. बहामा बेटांवर, नासाऊमध्ये, डॉर्सेट नावाच्या बाईंच्या घरी बीमधून उगवलेलं एक झाड त्या उकाड्यातही फळलं. तेच 'डॉर्सेट गोल्डन'. या दोन जातींना साधारण 200 ते 300 तासांच्या थंडीवर भागतं. दोघींचा फुलोराही जवळपास एकाच वेळी येतो, त्यामुळे एकीचे पराग दुसरीला चालतात. पंजाबच्या सपाटीवरच्या उन्हाळ्यासाठीही लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने याच दोन जाती सुचवल्या आहेत.

आणि तिसरी गोष्ट आपल्याच देशातली, परसातलीच. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात पनियाला गाव आहे. हा हिमाचलचा सखल, उष्ण भाग, सफरचंदाचा नव्हे. तिथले शेतकरी हरिमन शर्मा यांनी 1998 मध्ये बाजारातून आणलेल्या सफरचंदांच्या बिया घरामागे टाकल्या. त्यातलं एक रोप उगवलं, वाढलं आणि 2001 मध्ये फळलं. शर्मांनी ते उपटलं नाही, त्याची कलमं बांधली. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्या जातीची रोपं देशभरच्या शेतकऱ्यांकडे लावून पाहिली. 'एचआरएमएन-99' हे तिचं नाव, आणि 2025 मध्ये शर्मांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे सांगलीच्या जत तालुक्यासारख्या दुष्काळी पट्ट्यात सफरचंद लागल्याच्या बातम्या आल्या, त्यांच्या मागेही कमी थंडीच्या अशाच जाती आहेत. उष्ण प्रदेशातल्या या तीन जातींपैकी दोन घराच्या मागे, टाकलेल्या किंवा लावलेल्या बीमधून आल्या. घरच्या बागेला कमी समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

मात्र यातली एक गोम सांगितल्याशिवाय पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. 7 अंशांची मोजपट्टी लावली तर चिखलीचा हिवाळा ॲनाच्या 200 तासांनाही पुरत नाही. मग इथे फळ धरावं कसं? याचं उत्तर मला इस्राएलमध्ये सापडलं नाही, ते आपल्या संत्रा आणि डाळिंबवाल्यांकडे सापडलं. अमरावती-अकोल्याकडचा संत्रा बागायतदार आंबिया बहार धरायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतो. झाडाला ताण बसतो, पानं मलूल होतात, वाढ थांबते. मग पाणी सोडलं की झाड फुलून येतं. डाळिंबवाला तर ताणाबरोबर पानगळही करतो. थंडी झाडाला जे सांगते, तेच हे लोक पाण्याने आणि पानांनी सांगतात: थांब, आता निज, ऊठ, आता फूल.

सफरचंदालाही ही भाषा समजते, हे जगात एके ठिकाणी फार मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालेलं आहे. इंडोनेशियात जावा बेटाच्या पूर्व भागात मलांगजवळ बाटू नावाचं शहर आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम आठ अंशांवर. तिथे हिवाळा असा नसतोच. तिथले बागायतदार फळं उतरवल्यावर काही आठवड्यांनी झाडाची सगळी पानं हाताने खुडतात. डोळा गाढ झोपी जाण्याच्या आतच त्याला हलवून जागं करायचं, ही त्यामागची युक्ती. झाड पुन्हा फुलतं, आणि अशी वर्षात दोन पिकं निघतात. नाशिकचे द्राक्षवाले ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात, त्यामागचा विचारही हाच. मात्र ते औषध जहाल विषारी आहे. ते द्राक्षाच्या बागेत, जाणत्या हातात राहू द्यावं. घरच्या अंगणात, जिथे पोरं खेळतात तिथे, ते आणू नये. एका झाडाची पानं खुडायला एक सकाळ पुरते.

मी हेच करतो. मार्गशीर्षात पाणी कमी करत नेतो, जिजाऊ जयंतीच्या आधीच्या आठवड्यात पानं उतरवतो, हलकी छाटणी करतो आणि मग भरपूर पाणी देतो. फांद्या सरळ वर जाऊ देत नाही. सुतळीला विटेचा तुकडा बांधून त्यांना आडव्या करतो, कारण उभी फांदी सगळी ताकद टोकाला नेते, आडवी फांदी मधल्या डोळ्यांनाही वाटा देते. कमी थंडीच्या गावात या एका सुतळीचा उपयोग खताच्या गोणीपेक्षा जास्त होतो.

हवेइतकाच मोठा प्रश्न मातीचा. चिखली या नावातच चिखल आहे, आणि आपली काळी जमीन पावसाळ्यात त्या नावाला जागते. भाद्रपदात ती पाणी धरून फुगते, चैत्रात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापूस-सोयाबीनला ती मानवते. सफरचंदाच्या मुळांना मात्र आठवडाभर साचलेलं पाणी चालत नाही. बुंध्याशी कूज लागते आणि झाड वरून पिवळं पडतं तेव्हा खाली सगळं संपलेलं असतं. त्यात अनेक ठिकाणी खाली चुनखडी आहे. या झाडाला 6 ते 7 च्या मधला सामू आवडतो, आपली जमीन बऱ्याचदा 8 कडे झुकलेली. मग कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागतो. ती लोहाची उपासमार असते. लोह मातीत असतं, पण चुना ते मुळांना घेऊ देत नाही.

म्हणून खड्डा खोल खणून त्यात शेणखत भरण्याची आपली नेहमीची पद्धत इथे घातक आहे. काळ्या मातीत खणलेला खड्डा म्हणजे मडकं, पावसाचं पाणी चहूबाजूंनी त्यात उतरतं आणि निघायला वाट नसते. त्यापेक्षा मुरूम, पोयट्याची माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून दीड-दोन फूट उंचीचा ओटा करावा आणि झाड त्या ओट्यावर लावावं. कलमाचा सांधा मातीच्या वर चार-सहा बोटं राहिलाच पाहिजे. उन्हाळ्यात बुंध्याभोवती सोयाबीनचं नाहीतर तुरीचं कुटार पसरावं, पण खोडाला चिकटवू नये, वाळवीला आमंत्रण मिळतं. पश्चिमेच्या उन्हात खोडाची साल भाजून फाटते. तिला चुन्याचा हात द्यावा, किंवा झाड अशा जागी लावावं की दुपारनंतर घराची सावली त्यावर पडेल.

जमिनीचा प्रश्न अर्धा सुटतो तो खुंटाने. वरची जात फळ देते, खालचा खुंट झाडाला उभं ठेवतो. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राच्या नावाने ओळखले जाणारे खुंट आज जगभर चालतात. त्यातला एम-9 झाडाला बुटकं ठेवतो, पण मुळं दुबळी, आधाराचा खांब आणि नियमित पाणी नसेल तर टिकत नाही. एमएम-106 मध्यम उंचीचा, पण साचलेल्या पाण्यात बुंधा कुजण्याचा धोका त्याला जास्त. एमएम-111 ची मुळं दणकट, पाण्याचा ताण सोसणारी. उन्हाळ्यात पाण्याचा एकेक ड्रम जपून वापरणाऱ्या आपल्या गावांसाठी माझा कौल याला. रोपवाटिकेत हे नाव उच्चारल्यावर विकणारा गोंधळला, तर रोप तिथेच ठेवून घरी यावं. 'एचआरएमएन'चं नाव सांगून कोणतंही रोप गळ्यात मारलं जाऊ शकतं. त्यामुळे नावाच्या पाटीपेक्षा मातृवृक्ष कुठे आहे आणि तो पाहता येईल का, हे विचारलेलं बरं. आणखी एक गल्लत टाळावी. बाजारात जे 'ॲपल बोर' म्हणून मिळतं ते बोरच आहे, थोराड वाणाचं. चवीला छान, लावायला सोपं, पण सफरचंदाशी त्याचं नातं आकारापुरतंच.

एवढं सगळं करून फळ कसं येतं, हे वाचकाला आताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तक्रार नको. कलम चांगलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलं दिसतात. पहिल्या खेपेची फुलं खुडून टाकावीत, झाडाला आधी अंग धरू द्यावं. नंतरच्या वर्षी झुबक्यात एकच फळ ठेवावं. फळ मे-जूनमध्ये, ऐन उन्हात तयार होतं. काश्मीरच्या पेटीतला लाल रंग त्याला येत नाही, कारण तो रंग फळ पिकताना गार रात्री मागतो आणि आपल्या वैशाखात रात्रीही भट्टी असते. आपलं फळ हिरवट-पिवळं, एका गालावर लाली, आकाराने लहान, चवीला आंबटगोड. ते टिकतही नाही, चार-आठ दिवसांत मऊ पडतं. पोपट, खारी आणि वानरं यांचा वाटा वेगळा काढावा लागतो. फळांना कापडी पिशव्या बांधल्या तर तो वाटा थोडा कमी होतो.

मग लावायचं कशाला? फळच हवं असेल तर पेरू लावा, सीताफळ लावा. आपली जमीन त्यांना आनंदाने फळवते आणि तुमच्याकडून फार काही मागत नाही. पैसे मिळवायचे असतील तर सफरचंदाच्या एकरभर बागेत उतरण्याआधी अंगणात दोन झाडं पाच वर्षं सांभाळून बघा. या पुस्तकात एकरी उत्पन्नाचा एकही आकडा दिलेला नाही, तो जाणूनबुजून. सफरचंद लावावं ते त्याच्या निमित्ताने आपण आपलं गाव मोजायला शिकतो म्हणून. पन्नास वर्षं चिखलीत राहून मला इथली पहाट किती अंशांची असते हे ठाऊक नव्हतं. अंगणातल्या मातीत चुनखडी किती खोलीवर आहे, हे ठाऊक नव्हतं. पानं कधी गळतात आणि कधी गळत नाहीत, याकडे लक्ष गेलं नव्हतं. या झाडाने ते सगळं विचारायला लावलं. पेरूने कधी विचारलं नाही, कारण पेरूला उत्तर आधीच माहीत होतं.

पुढची प्रकरणं याच क्रमाने आहेत: हिवाळा मोजणं, जात आणि खुंट, माती आणि ओटा, पाणी आणि ताण, छाटणी, रोग-किडी, आणि शेवटी फळं उतरवणं. यातलं काही माझ्या चुकांतून आलंय, काही संत्रा-डाळिंबवाल्या मित्रांच्या बांधावर बसून ऐकलेलं आहे. ज्यांच्या गावाचा हिवाळा वेगळा, त्यांना माझ्या तारखा लागू पडणार नाहीत. मोजण्याची रीत मात्र लागू पडेल.

तेव्हा एक विनंती. पुस्तक वाचून झालं की लगेच रोपवाटिकेकडे धावू नका. आधी एक साधा कमाल-किमान तापमापी आणा, सावलीत, जमिनीपासून छातीच्या उंचीवर टांगा, आणि येत्या मार्गशीर्षापासून माघापर्यंत रोज सकाळी दोन आकडे वहीत लिहा. एक हिवाळा फक्त तेवढंच करा. ती वही भरली की रोप विकणाऱ्यासमोर काय विचारायचं, ते मला सांगावं लागणार नाही.

चिखली, जि. बुलढाणा
मकर संक्रांत